अण्णांची दोनशे सहा आणि साडेतेरा हजारांचं वेल्डिंग मशीन

आधी निकाल सांगून टाकतो. मशीन घेण्यासारखं आहे. फक्त डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘गॅसची गरज नाही’ असं जे छापलंय, त्याच्या भरवशावर गाडीच्या केबिनला हात लावू नका. मी लावला. गंजाने तीस वर्षांत पाडली नसतील एवढी भोकं मी पहिल्या एका रविवारी पाडली.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. अगदी असंच मशीन निळ्या, लाल, पिवळ्या डब्यात वेगवेगळ्या नावांनी मिळतं. १४० अँपिअरचं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मिग, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं मशीन. गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात तेच, पण हातातल्या बॅगेएवढं. वजन साधारण आठ-नऊ किलो. मला साडेतेरा हजारांना घरपोच पडलं. घरपोच म्हणजे हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथून मीच डोक्यावरून आणलं.

गाडी म्हणजे अण्णांची टाटामोबाईल, दोनशे सहा. टेल्कोने ही पिकअप १९८८ साली आणली आणि १९९१ची सिएरा याच गाडीच्या पायावर उभी केली. म्हणून कुणी आमची गाडी बघून ‘तोंड सिएराचं आहे की’ म्हटलं की अण्णांना राग येतो. ‘सिएराला हिचं तोंड आहे’, असं ते दुरुस्त करतात. आमची १९९२ची. हापूसच्या दिवसांत रात्री निघून पहाटे वाशीच्या मार्केटला पेट्या पोचवायच्या, आंबा संपला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून बर्फातली मासळी भरायची, हा तिचा पंचवीस वर्षांचा धंदा. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन आजही चावी फिरवली की सुरू होतं. पत्र्याचं मात्र मासळीने वाटोळं केलं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर पडायचं आणि तिथेच मुरायचं. आत पायाखाली रेक्झिनची मॅट, तिच्याखाली काथ्याची गादी. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी एकदा त्या काथ्यात गेलं की दिवाळीपर्यंत वाळत नाही. शेवटी शेवटी क्लच दाबला की खालचा रस्ता दिसायचा.

गाडी सहा वर्षं मांगरात, म्हणजे आवारातल्या कौलारू खोपीत, उभी होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा अण्णा त्याला काही बोलले नाहीत, नुसतं आत निघून गेले. तेव्हा मी ठरवलं की केबिन करायची. मी बँकेत काम करतो. हातात रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. वेल्डिंगचा अनुभव शून्य. कॉलेजात असताना गेटाला एक बिजागरी लावली होती, ती पडली.

गॅरेजात का नाही दिली, असं सगळे विचारतात. दोन ठिकाणी दाखवली होती. दोघांचा बेत एकच: गंजावर वरून पत्रा मारायचा, कडेने टाके टाकायचे, त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) फासायची, रंग. दीड महिन्यात गाडी हातात. पण गंज आतच ठेवून वर झाकण घातलं की दोन पावसाळ्यांत लांबी फुगून खपली निघते, हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्यांवर बघायला मिळतं. जुना पत्रा चांगला लागेपर्यंत कापायचा आणि तेवढाच नवा कडेला कड भिडवून बसवायचा, असं काम हवं असेल तर त्याची मजुरी कुणी सांगतच नाही, कारण त्यांना ते करायचंच नसतं. त्यांचंही चूक नाही. रोजची पाच गिऱ्हाईकं सोडून माझ्या गाडीच्या दाराखालच्या एका उंबऱ्यापाशी कोण चार दिवस बसणार?

मशीनच्या डब्यात काय असतं ते बघा. मशीन, पक्की जोडलेली टॉर्च (वायर जिच्या तोंडातून बाहेर येते ती बंदूक), पत्र्याला लावायचा अर्थिंगचा चिमटा, स्टिक वेल्डिंगचा होल्डर, एक पातळ प्लॅस्टिकची हातात धरायची काच, एक हातोडी-ब्रश आणि फ्लक्स भरलेल्या ०.८ मिमी वायरचं छोटं रीळ. काच आणि हातोडी-ब्रश पुढे मुलांच्या खेळण्यांत गेले. चिमटा दोन रविवार टिकला. त्याची स्प्रिंग एवढी लेची की रंग खरवडलेल्या पत्र्यावरही धड बसत नाही आणि आर्क, म्हणजे वेल्डिंगची ज्योत, तडतडतो. तीनशे रुपयांचा चांगला पितळी चिमटा पहिल्याच दिवशी घ्या. मला वाटत होतं मशीन बिघडलंय. बिघडला होता चिमटा.

आता त्या ‘गॅसची गरज नाही’बद्दल. फ्लक्सच्या वायरीच्या पोटात पावडर असते. ती जळून स्वतःच धुराचं आवरण तयार करते, म्हणून बाहेरचा गॅस लागत नाही. गोष्ट खरी आहे. पण ही वायर जळते गरम. केबिनचा पत्रा ०.८ ते १ मिमीचा, त्यात आतून गंजाने खाल्लेला. मशीन सगळ्यात खाली आणलं तरी एका सेकंदात लाल ठिपका, दुसऱ्या सेकंदात भोक, आणि ते भोक भरायला गेलं की शेजारी आणखी एक. वर खपली, धूर आणि चहूकडे लोखंडाचे मणी. दाराच्या काचेवर ते मणी चिकटले, काळे ठिपके अजून आहेत. काच झाकायची असते हे मला नंतर कळलं. ग्राइंडरच्या ठिणग्याही काचेत अशाच रुततात.

आणखी एक गंमत म्हणजे मशीन कारखान्यातून येतं ते गॅसच्या जोडणीत. आत झाकणाखाली दोन पितळी बोल्ट असतात. नुसती फ्लक्सची वायर असेल तर टॉर्च उणेला आणि अर्थ अधिकला हवा. गॅस आणि सॉलिड, म्हणजे पोटात पावडर नसलेली, वायर असेल तर नेमकं उलटं. पुस्तिकेत हे होतं, पण एवढ्या बारीक अक्षरांत की मी ते चौथ्या रविवारी भिंग घेऊन वाचलं. तोपर्यंत मी उलट्या जोडणीत वेल्डिंग करत होतो. बदलल्यावर मणी अर्ध्यावर आले. भोकं मात्र पडतच राहिली.

इथे चाचा आले. चाचा म्हणजे बाजारपेठेतले जुने डेंटर, आता काम सोडलेले. अण्णांची गाडी दोनदा त्यांनीच ठोकून सरळ केली होती. मी चहाला बोलावलं. त्यांनी माझं काम बोटाने चाचपलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, हे वेल्डिंग नाय, ही जाळी झाली. मच्छी धरायला ठेवा.’’ मग खिशातून चष्मा काढून मशीनची पट्टी वाचली. ‘‘गॅस लावायची सोय आहे ना यात? मग लावत का नाय?’’

गॅस लावायचा म्हणजे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जाऊन सिलिंडर आणायचा, त्याची अनामत, रेग्युलेटर, पाइप. मशीनच्या किमतीवर आणखी जवळजवळ तेवढेच पैसे. हा हिशेब डब्यावर कुठेच नसतो. ऐंशी टक्के आर्गॉन, वीस टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण घेतलं. नुसता सीओटू स्वस्त पडतो आणि जाड कामाला चालतो, पण पातळ पत्र्यावर मिश्रणाने मणी कमी उडतात आणि टाका मऊ बसतो. दहा लिटरची बाटली, आत दीडशे बार दाब, म्हणजे साधारण दीड हजार लिटर गॅस. मिनिटाला दहा लिटर सोडला तर आर्कचे अडीच तास. ऐकायला कमी वाटतं. पण केबिनचं वेल्डिंग म्हणजे अर्ध्या सेकंदाचे टाके. मला सगळ्या केबिनला तीन बाटल्या पुरल्या असत्या. चार लागल्या, कारण एका रविवारी वॉल्व्ह बंद करायचा राहिला आणि पुढच्या शनिवारी काटा शून्यावर होता.

०.८ची सॉलिड वायर, गॅस, जोडणी उलटी करून टॉर्च अधिकला. पहिला टाका टाकला तेव्हा आवाजच वेगळा आला, कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा. चाचा मान हलवत म्हणाले, ‘‘आता बरोबर.’’ खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी केलेलं कुठलंच कौतुक मला एवढं आठवत नाही.

रोलरचा मुद्दा इथेच सांगतो, नाहीतर विसरेन. वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरवर दोन खाचा असतात, एक गुळगुळीत, एक दातेरी. सॉलिड वायरीला गुळगुळीत, फ्लक्सच्या मऊ वायरीला दातेरी. रोलर काढून उलटा बसवायचा असतो. आणि या मशीनची ही सगळ्यात कच्ची बाजू आहे: रोलर दाबणारा आकडा प्लॅस्टिकचा. जास्त पिळला तर वाकतो, कमी पिळला तर वायर घसरते, आणि टॉर्चच्या टोकाशी वायर चिकटली की आत वायरीचं घरटं होतं, अगदी सुगरणीला लाजवेल असं. टॉर्चचा पाइप सरळ ठेवला, वळसे घातले नाहीत, तर हा त्रास निम्मा कमी होतो. पुढची तांब्याची टिप डझनावारी घ्या. मी चौदा महिन्यांत नऊ संपवल्या.

मशीन घेताना सगळे विचारतात, जास्तीत जास्त किती अँपिअर? गाडीच्या पत्र्यासाठी विचारायचं ते कमीत कमी किती. आमचं तीसपर्यंत खाली येतं, काही मशीन पन्नासच्या खाली येतच नाहीत. मी केबिनच्या बहुतेक कामाला चाळीस ते साठच्या मधेच होतो. १४०चा आकडा फक्त एकदा कामी आला, केबिन ज्या रबरांवर चासीला बसते तिथली पाच मिमीची पट्टी जोडताना. तेव्हा मशीन तापून दोनदा पिवळा दिवा लावून बसलं. दहा मिनिटांनी आपोआप परत सुरू झालं. तक्रार नाही.

विजेबद्दल मात्र आहे, आणि ती मशीनबद्दल नाही. संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे पंप चालू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १७०वर येतं. त्यावर मशीन चालतं, पण आर्क फुत्कारतो आणि टाका वर नुसता बसतो, आत शिरत नाही. वरून छान दिसतो, हातोडीच्या एका ठोक्यात सुटतो. अडीचशे रुपयांचा व्होल्टेज दाखवणारा प्लग लावला आणि नियम केला: २००च्या खाली काटा असेल तर त्या दिवशी फक्त घासकाम. शिवाय आधी वापरत असलेली पंधरा मीटरची बारीक वायर हाताला गरम लागायची. चार चौरस मिमीची तांब्याची केबल ओढली आणि अर्धी रड थांबली.

कापण्याच्या कामाबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. आधी पुठ्ठा. आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, वाकवून, जागेवर बसवून नमुना करायचा. तो बसला की मग पत्र्यावर आखायचं. पत्रा सीआरसी (जस्त न चढवलेला साधा पत्रा), वीस गेज, म्हणजे ०.९ मिमी. आठ बाय चारची एक शीट भरते एकवीस किलोच्या आसपास, आणि अख्ख्या केबिनला दीड शीट लागली. पायाखालचे दोन्ही भाग, दोन्ही उंबरे आतले आणि बाहेरचे, मागचे दोन कोपरे, दारांच्या खालच्या चार-चार इंची पट्ट्या, काचेच्या चौकटीचे खालचे दोन कोपरे. या गाडीच्या केबिनचे तयार पत्रे मला कुठे मिळाले नाहीत, त्यामुळे सगळं हाताने.

सीआरसीच का, हे मी ताप काढून शिकलो. पहिल्यांदा घरात पडलेला छपराचा जीआय पत्रा वापरला होता. चकचकीत, गंज न येणारा, फुकट. त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो. त्या रात्री थंडी वाजून ताप, तोंडात गोड धातूची चव, सांधे ठणकत होते. सकाळी उतरला. डॉक्टरांना धुराचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेचं भाषांतर मी करत नाही. जस्त लागलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. नाहीतर करूच नका.

उंबरा कापायच्या आधी चाचांनी एक इंची चौकोनी पाइप आणायला लावला आणि दाराच्या चौकटीत आडवा टाक्यांनी जोडला. मला वाटलं उगाच. पण उंबरा हाच केबिनचा कणा. तो कापला की चौकट स्वतःच्या वजनाने मिटते आणि मग नवा उंबरा कितीही सुबक केलात तरी दार लागत नाही. डाव्या बाजूला पाइप होता, दार आजही एका बोटाने लागतं. उजव्या बाजूचं काम मी चाचा नसताना केलं, पाइप न लावता, कारण ‘एकच तर फूट कापायचंय’. उजवं दार आज आपटावं लागतं. अण्णा त्या दाराने चढत नाहीत.

टाके ओळीने टाकायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात. एक टाका इथे, दुसरा सहा इंच पुढे, तिसरा मागे. पत्र्याला हात लावता येईल इतका गार झाला की मग मधली जागा. घाई केली की पत्रा लाटेसारखा उठतो आणि ती लाट मग पाच किलो लांबीनेही लपत नाही. भेगेच्या मागे तांब्याचा तुकडा धरला तर वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही, भोक भरलं जातं. तांब्याचा पत्रा बाजारात आणायला गेलो तर भाव ऐकून परत आलो. माळ्यावर आईचा जुना बंब पडला होता, तळ गेलेला. त्याचा एक वीतभर तुकडा कापला. चार दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. बायको एवढंच म्हणाली, ‘‘अहो, विचारलं असतं तर मी दुसरं काहीतरी दिलं असतं.’’ दुसरं काय दिलं असतं हे मात्र अजून सांगितलेलं नाही. तो तुकडा हे या सगळ्या कामातलं सर्वांत उपयोगी हत्यार ठरलं, हेही लिहून ठेवतो. आई असती तर ओरडली असती आणि मग स्वतःच धरून उभी राहिली असती.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात.

आपोआप काळं होणारं हेल्मेट: अठराशे रुपयांचं घेतलं, पैसे वसूल. त्याआधी हातातल्या काचेने एकदा चुकून उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला, रात्रभर डोळ्यांत वाळू. बटाट्याच्या कापांनी गार वाटतं, बरं वाटत नाही. एक लक्षात ठेवा, उंबऱ्याखाली आडवं पडून काम करताना हेल्मेटचे डोळे, म्हणजे पुढचे सेन्सर, झाकले जातात आणि काच काळी होतच नाही.

गंजाला काळं करणारं द्रव: फॉस्फरिक ॲसिडचं. वरवरच्या, बोटाला न लागणाऱ्या गंजावर उत्तम. खपल्या सुटणाऱ्या गंजावर निव्वळ पैसे वाया. आणि जास्तीचं पुसून, धुऊन, लगेच वाळवलं नाही तर चिकट राहतं. दारावर मी तसंच ठेवून प्रायमर मारला, महिन्याने सालपटासारखा निघाला. धातू पांढरा होईपर्यंत फ्लॅप डिस्कने घासणं याला पर्याय नाही.

एपॉक्सी प्रायमर: सगळ्यात जास्त पैसे इथे घाला. उघड्या पत्र्यावर आधी तोच. जोडांच्या आत, जिथे नंतर हात पोचणार नाही तिथे वेल्डिंगपूर्वी झिंकचा प्रायमर. साधा रेडऑक्साईड पाणी अडवत नाही. आमच्या हवेत तर नाहीच.

लांबी: पॉलिएस्टरची, हार्डनर दोन टक्क्यांच्या आसपास. उन्हाळ्यात कमी टाका, नाहीतर पत्र्यावर पोचायच्या आत थापीवरच दगड होतो. नेहमी एपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. आणि तिला पाण्याने घासू नका. लांबी स्पंजासारखी पाणी पिते, ते पाणी रंगाखाली अडकतं आणि सहा महिन्यांनी फोड येतात. कोरड्या पेपरने घासा, धूळ खा. मास्क लावा म्हणजे कमी खाल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम थांबवलं. थांबवावंच लागतं. सकाळी घासून चकचकीत केलेला पत्रा संध्याकाळी भगवा व्हायला लागला होता. जेवढं उघडं होतं तेवढ्यावर ब्रशने एपॉक्सी मारून गाडी ताडपत्रीखाली ठेवली आणि थेट नवरात्रात उघडली. एपॉक्सीखालचं सगळं जसंच्या तसं. एका जागी हात पोचला नव्हता, मागच्या डाव्या कोपऱ्याच्या आत. तेवढी जागा परत कापली.

शेवटचा रंग घरी मारला नाही. कंप्रेसर, गन सगळं उसनं मिळत होतं. पण हार्डनर घालून मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला एकदा लागलं की दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो, आणि त्याला धुळीचा मास्क काही करत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो माझ्याकडे नाही. शिवाय मांगरात वरून कौलांची माती पडते. रंगासाठी बूथ असलेल्या गॅरेजात गाडी नेली. आरसी बुकात जो पांढरा लिहिलाय तोच पांढरा. त्यांना मी एकच अट घातली होती, माझ्या पत्र्यावर आणखी लांबी फासायची नाही. त्यांच्या पोराने दोन ठिकाणी फासलीच. चाचांच्या मते ती लागणारच होती.

काच बसवणं सोपं निघालं. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, एक जण बाहेरून काच दाबतो, दुसरा आतून सुतळी ओढतो आणि रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. मेहुणा बाहेरून दाबत होता, मी आतून ओढत होतो, अण्णा दोघांना सूचना देत होते. तिसऱ्या प्रयत्नात बसली.

पोकळ भागांत, म्हणजे उंबरे, मागचे कोपरे, दारांची पोटं, तिथे लांब नळीने मेण सोडलं. पूर्वी अण्णा दर पावसाळ्याआधी जळकं ऑइल आणि डिझेल खालून मारायचे. त्याने गंज थोडा थांबतो, पण ते पहिल्या चार पावसांत धुऊन जातं आणि रबरं फुगतात. मेण मारल्यावर दाराखालची पाणी जायची भोकं खिळ्याने परत मोकळी केली. ही भोकं बुजल्यामुळेच दारं गेली होती, असं चाचा म्हणतात. काथ्याची गादी परत घातली नाही. नुसती रबरी मॅट, उचलून वाळत घालता येईल अशी.

हिशेब विचाराल तर: मशीन साडेतेरा, गॅस-रेग्युलेटर-अनामत धरून बारा (अनामत परत मिळेल), वायर, टिपा आणि डिस्क मिळून सहा, पत्रा तीन, प्रायमर-लांबी-मेण अकरा, हेल्मेट-हातमोजे तीन, केबल दोन, बाहेरचा रंग अठ्ठावीस. सगळे हजारांत. बंब धरलेला नाही. गॅरेजच्या ‘वरून पत्रा’ बेतापेक्षा हे जास्तच आहे, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून कुणी या वाटेला येऊ नये.

मशीनला पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा रोलरच्या प्लॅस्टिकच्या आकड्यासाठी कापला, एक डब्यावरच्या त्या तीन शब्दांसाठी. फ्लक्सची वायर वाईट नाही, दोन-तीन मिमीच्या वर आणि उघड्यावर वारा असताना तीच बरी, कारण वाऱ्यात गॅस उडून जातो. गेट, शिडी, हौद्याची फ्रेम तिने करा. केबिनचा पत्रा नाही.

मशीन सध्या शेजारच्या वाडीत गेलंय, कुणाच्या तरी गोठ्याच्या दाराला. परत आलं की हौद्याला हात घालायचा आहे. अण्णा रोज संध्याकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं आत बसतात. डाव्या दाराने चढतात आणि सरकत सरकत स्टिअरिंगपाशी जातात.